माझ्या आवाजाची विल्हेवाट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, अविवाहित, नोकरीतून निवृत्त पण वर्गातून नाही, इंग्रजी उच्चारांची शिक्षिका, आज पूर्ण शुद्धीवर आणि बऱ्यापैकी रागात हे मृत्युपत्र करीत आहे. राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. त्यांचा दाखला सोबत आहे. माझे हृदय फार दिवस साथ देणार नाही, हेही त्यांनीच सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला जे आले होते, ते चहा पिऊन परत गेले. याआधी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

कलम पहिले : घर. शिंप्याच्या दुकानावरचा पहिला मजला माझ्या कमाईचा आहे. वडिलांकडून मला फक्त नाक मिळाले, आणि त्यातही थोरल्या भावाला जरा बरे मिळाले. बाहेरची मोठी खोली वर्गाची आहे. आतल्या दोन खोल्यांत मी राहते, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून भाऊही राहतो. तो जिवंत असेपर्यंत त्याला या घरातून कोणी हलवू नये.

कलम दुसरे : वर्ग. वर्गाची खोली, भिंतीवरचा लांब आरसा, हातातले छोटे आरसे, मेणबत्त्या आणि कागदाच्या पट्ट्या माझ्या मदतनीस बाईला द्याव्यात. ती माझीच विद्यार्थिनी. रिसेप्शनवर नोकरी हवी म्हणून आली आणि इथेच रुजली.

मेणबत्त्यांचा खुलासा करते, नाहीतर वकील त्या देवघरात नेऊन ठेवतील. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीला ‘प’ म्हणतो तेव्हा समोरची ज्योत वाकते. आपण म्हणतो तेव्हा ज्योत ढिम्म हलत नाही. एका बँक अधिकाऱ्याने ज्योत वाकवायच्या भरात मिशी जाळून घेतली, तेव्हापासून पुरुषांना कागदाची पट्टी देते. बायकांना मेणबत्तीच.

मदतनीस बाईने एक नियम मोडू नये. आपल्याकडे मोठ्यांसमोर जीभ काढली की थोबाडीत बसते, आणि इंग्रजीतले काही आवाज जीभ दातांबाहेर आणल्याशिवाय निघतच नाहीत. त्यामुळे चांगली मिशा पिकलेली माणसे माझ्यासमोर तोंडावर हात धरून बोलतात. तो हात आपण ओढून काढायचा नाही. खाली यायला महिना लागो की दोन, आपण वाट बघायची. आणि हात खाली आल्यावर जो हसेल, त्याला फी परत देऊन जिना दाखवायचा.

कलम तिसरे : बँकेतील शिल्लक. ती भावाच्या औषधपाण्यासाठी आहे. आकडा लिहीत नाही. लिहिला तर नातेवाईक वाढतील.

कलम चौथे : किरकोळ. परदेशात दीड महिना राहून आलेले आणि तेव्हापासून जन्मभर नाकातून बोलणारे आमचे माजी प्राचार्य यांना माझे वाफ घ्यायचे यंत्र द्यावे. सर्दी बरी होईल. माझी बढती अडवताना ते म्हणाले होते, “मॅडम, तुमच्या बोलण्यात परदेशी हवा नाही हो.” यंत्रात भरपूर हवा आहे. पाणी त्यांनी आपले घालावे.

शिलाईचे पैसे घेऊन माझे सगळे ब्लाउज घट्ट शिवणाऱ्या खालच्या शिंप्यांना मी माफ करते. ते साक्षीदार आहेत म्हणून नव्हे. पण आहेत, हेही खरे.

कलम पाचवे : माझा आवाज. वकील म्हणाले, “बाई, आवाज मिळकतीत धरतात का, ते बघावं लागेल.”

म्हटले, “तुम्ही बघत बसा. तोवर मी लिहिते.”

माझा भाचा, म्हणजे थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा, याला सगळे साहेब म्हणतात, कारण तो स्वतःच तसे म्हणवून घेतो. मागच्या वर्षी तो रोज येऊन माझ्याकडून वाक्ये वाचून घेई. “आत्या, तुझी आठवण राहावी म्हणून गं.” मला भरून यायचे. घशात खवखव असली तरी वाचायचे. नंतर कळले की त्याने माझा आवाज मोबाइलमधल्या, इंग्रजी शिकवणाऱ्या एका यांत्रिक मास्तराला चिकटवला आहे आणि तो विकायला काढला आहे.

मी त्या मास्तरासमोर खोकले. माझ्याच आवाजात मला शाबासकी मिळाली. “एक्सलंट! यू आर अ स्टार!” सबंध आयुष्यात मी कोणाला स्टार म्हटलेले नाही. उच्चार चुकला तर मी ‘पुन्हा’ म्हणते, आणि जमला तर पुढचा शब्द देते. माझे विद्यार्थी पुढच्या शब्दासाठी जीव टाकायचे.

साहेबाला जाब विचारला. “अगं आत्या, चुका काढल्या की लोक सोडून जातात. कौतुक केलं की टिकतात.”

“शिकतात का?”

“टिकतात ना!”

इथपर्यंत मी हसून सोडले असते. घोडे पुढे पेंड खाते. भावाची वाचा गेल्यावर या पठ्ठ्याने त्याच मास्तराला मराठी शिकवून बापाच्या खाटेसमोर खुर्चीवर ठेवले आणि स्वतः कामाला गेला. भावाने तोंडातून कसाबसा घोगरा आवाज काढला, की खुर्चीवरून मी बोलायचे, “वा! अगदी बरोबर!” भाऊ खुळा झालेला नाही. आपण काय काढले, ते त्याला ऐकू येते. तिसऱ्या शाबासकीला त्याने डाव्या हाताने पाण्याचा पेला त्या खुर्चीवर भिरकावला. त्याच आठवड्यात मी त्याला इथे आणले.

या भावाने जन्मभर माझी टिंगल केली आहे, तीही नोंदवते. घरी पाहुणा आला की ठरलेले वाक्य, “आमची धाकटी लोकांना तोंडं वाकडी करायला शिकवते, आणि वर फी घेते!” आता त्याचे तोंड फुकटात वाकडे झाले आणि सरळ करायला धाकटीच उरली. मला याचा आनंद झाला का? पहिले दोन दिवस झाला. मग त्याला आरशात स्वतःकडे बघून डोळे मिटताना पाहिले, आणि नाही झाला.

रोज संध्याकाळी वर्ग सुटला की आम्ही दोघे आरशासमोर बसतो. ‘म’ आणि ‘ब’ आले, कारण ओठ आरशात दिसतात. ‘क’ दिसत नाही. तो घशाशी असतो. माझ्या घशावर त्याचा हात ठेवून तो आवाज मला त्याला द्यावा लागतो. मोबाइलला घसा नसतो, ही गोष्ट साहेबाच्या सगळ्या पदव्यांतून निसटली. मी गेल्यावर भावाने कोणाच्या घशावर हात ठेवायचा, एवढीच मला काळजी आहे.

म्हणून जाहीर करते की माझा आवाज कोणासही दिलेला नाही. तो सर्व यंत्रांतून पुसून टाकावा. वकिलांनी समोर बसून पुसून घ्यावा.

कलम सहावे : भावानंतर आतल्या खोल्यांचे काय. या खोल्याही मदतनीस बाईला द्याव्यात, भावाला रोज शिकवण्याचे कामही तिनेच करावे आणि साहेबाला एक चमचाही मिळू नये, असे मी लिहिले होते.

कलम सातवे : हे आत्ता वाढवले आहे. सहीपूर्वी मी सारा मजकूर भावाला वाचून दाखवला. वकील, डॉक्टर आणि शिंपी हजर होते. सहावे कलम ऐकताना भावाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. मला वाटले, दुसरा झटका. डॉक्टर उठले. आणि भाऊ म्हणाला, “नको.”

‘न’ स्वच्छ होता. ‘को’ला थोडा वेळ लागला, पण तोही खणखणीत होता. मला रडू आले. तसे लिहून ठेवते, नाहीतर शिंपी भलतेच सांगत फिरतील.

मी विचारले, “बाईकडून शिकायचं नाही तुला?” मान हलली, तसे नव्हे. “मग साहेबाला वगळू नको म्हणतोस?” त्याने डोळे मिटून मान डोलावली आणि पुन्हा म्हणाला, “नको.”

जन्मभर माझी खिल्ली उडवणाऱ्या माणसाने महिनोन् महिने माझ्यासमोर घाम गाळून पहिला शब्द मिळवला, आणि खर्च केला तो त्या दिवट्यावर! मी चिडले. अजूनही चिडलेलीच आहे. पण एका शब्दासाठी काय लागते, हे मला माहीत आहे. म्हणून सहावे कलम रद्द. भावानंतर आतल्या खोल्या साहेबाच्या. अट अशी की बाप आहे तोवर रोज संध्याकाळी त्याने बापासमोर बसावे, बापाचा हात आपल्या घशावर ठेवावा आणि चुकले की ‘पुन्हा’ म्हणावे. कसे बसायचे ते मदतनीस बाई दाखवील. अट पाळली की नाही, हे भाऊ सांगेल.

साहेब, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा मी नसेन. तुझ्या बापाचा पहिला शब्द तुझ्यासाठी होता. आम्ही कोणी तो मोबाइलमध्ये टिपून ठेवलेला नाही. ऐकायचा असेल तर खुर्ची ओढ आणि त्याच्यासमोर बस.

वरील मजकूर मी वाचला, भावाने ऐकला, आणि आम्हा दोघांनाही समजून मान्य आहे.

साक्षीदार :
१. डॉक्टर, समोरच्या गल्लीतले (सही; वाचता येत नाही, पण त्यांचीच आहे)
२. शिंपी, तळमजला (सही)

स्थळ : वर्गाची खोली, आरशासमोर
दिनांक : नऊ ऑगस्ट, संध्याकाळ

(सही)
उच्चारांची शिक्षिका