मिसरी बंद

२१ जानेवारी, मंगळवार

तुकडा काढला. डाव्या गालाच्या आतला, मसुराच्या डाळीएवढा. बधिर केलेलं अजून उतरलं नाही, चहा ओठावरून थेट पदरावर.

सगळं त्या दाढेमुळं. गेल्या आठवड्यात भरून घ्यायला गेले, तर डॉक्टर दाढ सोडून गालाकडेच बघत बसले. पांढरा चट्टा आहे म्हणे. "तंबाखू खाता?" मी म्हटलं, नाही. खोटं कुठं बोलले? खात नाही, लावते! लहानपणी दात ठणकत होता तेव्हा आईनंच तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू बोटावर घेऊन माझ्या हिरडीला चोळली होती. दात शांत झाला. बोट मात्र तेव्हापासून तोंडातच आहे. शाळा, कॉलेज, बँकेची परीक्षा, लग्न — सगळं मिसरी लावून पार पडलं.

आज बेळगावच्या दवाखान्यात तुकडा घेतला. रिपोर्ट यायला दोन-अडीच आठवडे. "तोपर्यंत घाबरू नका. आणि मिसरी आजच्या आज बंद." ही दोन्ही कामं एकाच वेळी कशी करायची ते नाही सांगितलं! आणि तो एक शब्द — तो मी इथंही लिहिणार नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं माझं तोंड उजेडाकडे वळवून गाल बघितला. मग म्हणाली, "मी बी बंद. आजपास्नं. तू एकटीनं का सोसायचं?"

अख्खा जन्म निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळण्यात गेला तिचा. लहानपणी मी तिच्या कुशीत झोपायची तेव्हा शिंका यायच्या, एवढी धूळ असायची लुगड्यात. आणि एका वाक्यात बंद! मला रडू आलं. गाल दुखला म्हणून तेही थांबवलं.

२२ जानेवारी, बुधवार

डोकं. नुसतं डोकं.

२३ जानेवारी, गुरुवार

निपाणीहून संकेश्वरला बँकेत नेणारी सकाळची बस म्हणजे छळ आहे. रस्त्याकडेच्या रानात तंबाखू कापून वाळत घातलेली, खिडकीतून वास आत. खिडकी लावली तर शेजारची बाई म्हणते, उघडा की, गुदमरतंय. मी म्हटलं, गुदमरू दे! ती उठून मागं जाऊन बसली. अशी नव्हते हो मी.

बँकेत काउंटरवर ऊस बिलाची गर्दी. एक म्हातारा पासबुक पुढं सरकवून तिथंच तळहातावर चुना-तंबाखू मळायला लागला. मी त्याच्या हाताकडे बघत बसले. त्यालाच शेवटी दया आली. म्हणाला, "पायजे काय आक्का?" शेजारच्या काउंटरवरची सौम्या हसून हसून लोळायची राहिली. तिला वाटलं, म्हातारा चावट आहे. तिला काय ठाऊक, मी 'हो' म्हणता म्हणता राहिले!

ह्या बँकेत माझी ख्याती काय, तर मॅडम फार टापटिपीच्या, दुपारीसुद्धा दात घासतात. आज दुपारी बाथरूमला गेले नाही, तर सौम्या काळजीनं विचारते, "ब्रश विसरलात काय मॅडम?" होय बाई, विसरले. कायमची विसरायची आहे.

आणि पोट! मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही हे बायका एकमेकींना सांगतात, डॉक्टरला कोण सांगणार? दोन तांबे गरम पाणी प्यायले. ढिम्म.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून आले. हे काल रात्री बेळगावजवळच्या मच्छ्याहून, नोकरीच्या गावाहून आलेत. कारखान्याला सुट्टी, आणि ह्यांच्या जिभेला काम. "मी वीस वर्षं सांगत होतो." सांगत होता, मान्य. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात न टाकलेला माणूस! पण दर दोन तासांनी सांगायला पाहिजे का? तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी हातातली उलथनी आपटली.  थोड्या वेळानं ह्यांनी स्वतःच माझ्यासाठी चहा केला, कोमट करून. माणूस वाईट नाही.

आईचं मात्र आश्चर्य वाटतं. ना चिडचिड, ना डोकेदुखी. भिंतीला टेकून लवंग चघळत बसते दिवसभर. मी विचारलं, तुला आठवण येत नाही? म्हणाली, "न्हाय गं. सुटली ती सुटली." कशी सुटली? माझ्या दुप्पट वर्षं लावत होती ही बाई! मला तिचा राग येतो. लिहायला लाज वाटते, पण येतो.

जेवायला बसलो तर तिनं भाकरी दुधात कुस्करून घेतली. ठेचा पुढं केला, तर बाजूला सारला. "तुला तिखट चालत न्हाय, मग मी एकटीनं कशाला खाऊ?" ठेच्याशिवाय घास न उतरणारी माझी आई! किती करावं एखादीनं लेकीसाठी!

२८ जानेवारी, मंगळवार

आरशापुढं उभं राहून मोबाईलच्या उजेडात गाल बघितला. सकाळी एकदा, बँकेतून आल्यावर एकदा. चट्टा वाढलाय. नाही, तेवढाच आहे. तोंडात तीन बोटं एकावर एक जातात का बघा म्हणाले होते डॉक्टर. जातात. जरा घट्ट जातात. काल सैल जात होती का? आठवत नाही. बोटं सुजली असतील!

मोबाईलवर बघू नका म्हणाले होते. बघितलं. जिभेच्या कडेला, हिरडीला, टाळूला — कुठं कुठं कसं होतं, सगळे फोटो. जेवण गेलं नाही.

आईनं खोलीत येऊन विचारलं, "काय बगतीस?" मी फोन पालथा केला. ती म्हणाली, "दाव की मला बी." कशाला घाबरवू तिला? म्हटलं, काही नाही, साड्या बघत होते.

३१ जानेवारी, शुक्रवार

सौम्याला खरं सांगून टाकलं. तिनं हातातलं पासबुक खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझी अज्जी पण लावते मॅडम. ती बरी आहे." 

१ फेब्रुवारी, शनिवार

लावली.

डोकं दुखतंय सांगून दुपारीच बँकेतून आले, घरात सामसूम, आई परसात धुणं वाळत घालत होती. मला तिची डबी कुठं असते ते माहीत. फळीवर, पिठाच्या डब्याच्या मागं. स्टूल घेऊन चढले. डबीपासून भिंतीपर्यंत कोळिष्टक! ह्या घरात झाडलोट कोण करतं म्हणून चिडले, मग आठवलं, मीच करते. डबी उघडली तर काठोकाठ भरलेली. बोट बुडवलं आणि स्टुलावर उभी राहूनच दातांना लावली.

सांगू काय वाटलं? माहेरी आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आई दारात. मला वाटलं होतं, बघेल आणि मायेनं काहीतरी बोलेल. तिनं हातातली बादली टाकली. "थुक! थुक आदी!" माझं मनगट धरून खाली ओढलं, मोरीपाशी नेलं, हनुवटी धरली आणि चूळ भरायला लावली. एकदा, दोनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ह्या वयात एवढा जोर कुठून आला तिच्या हातात? बोटं रुतली माझ्या हनुवटीत.

"तुला ठावं न्हाय काय असतंय ते!" ओरडली.

मीही ओरडले, "तुला ठाऊक आहे का? गाल माझा फाडलाय!"

ती एकदम थांबली. तोंडाला पदर लावला आणि आत गेली. मागून बघितलं तर डबी मोरीत पालथी केलेली. काळं पाणी किती वेळ वाहत होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आई बोलत नाही. दूध-भाकरी खाऊन आडवी होते. माझ्यामुळं जेवण तुटलं तिचं. हे म्हणाले, माफी माग. मागितली. तिनं नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज बरं वाटलं म्हणावं तर वाटलं. सकाळी डोकं दुखलं नाही. पोटही — असो, झालं!

एक गोष्ट ध्यानात आली. आई सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं उभी राहून वंदना म्हणते, ती हल्ली ऐकूच येत नाही. आधी गल्लीला जाग यायची. मी नेहमी चिडवायची तिला — पंचशीलातल्या पाचव्या शीलात नशापाणी करणार नाही म्हणतेस, आणि कवळीसुद्धा बघ काळी! ती म्हणायची, "त्यात मिसरीचं नाव न्हाय." आता नुसते हात जोडून उभी राहते, ओठही हलत नाहीत. विचारलं तर म्हणाली, "तुजं डोकं दुकतंय न्हवं? म्हणून मनात म्हणती."

आता चिडवायलाही काही उरलं नाही. दोघी सरळ झालो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यातून फोन. रिपोर्ट आलाय, उद्या या. मी विचारलं, काय आहे? "ते डॉक्टर सांगतील." बाईच्या आवाजात काहीतरी होतं. नक्की होतं. चांगलं असतं तर सांगितलं नसतं का फोनवर?

मुलगी नाही, मुलगा नाही, आम्ही दोघंच आणि आई. माझं काही झालं तर हे भात शिजवतील, पण आईला कोण बघणार? तिला मी एकटीच. हेच येतंय सारखं डोक्यात. नोटा मोजताना दोनदा चुकले.

८ फेब्रुवारी, शनिवार

कॅन्सर नाही!

लिहिला बघ शब्द! कॅन्सर नाही, कॅन्सर नाही. चट्टा आहे, पुढं बिघडू शकतो, दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, आणि मिसरी पुन्हा लावली तर डॉक्टर जबाबदार नाहीत. लावतेय कशाला! हे बसस्टँडवर चारचौघांत रडले. मला हसायला येत होतं. पेढे घेतले.

घरात शिरताच आईला सांगितलं.  तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले आणि अशी रडली, अशी रडली! बाबा गेले तेव्हासुद्धा असं रडताना बघितलं नव्हतं. पेढा भरवायला गेले तर तोंड फिरवलं. "ठिव. उद्या खाती."

किती दिवसांनी मला झोप येतेय.

९ फेब्रुवारी, रविवार

पेढा ताटलीत तसाच होता. म्हटलं, आई, खा की आता. ती उठली, खिडकीपाशी उजेडाला गेली आणि मला बोलावून तोंड उघडलं. पुरतं उघडतही नव्हतं. जिभेच्या कडेला — फोटो बघून बघून मला आता पाठ आहे ते.

कधीपासून? "दिवाळीच्या आदीपास्नं. मला वाटलं कवळीनं कापलंय. मिसरी चरचरायची म्हणून तवाच सोडली. मग तुजं निगालं." एवढं बोलायलाही तिला त्रास होत होता. "तुजा कागद येऊ दे म्हटलं आदी. दोगींचं एकदम कोण बगणार?"

हे मागं उभे होते. 'मी सांगत होतो' म्हणाले नाहीत. गाडी ठरवायला गेले.

उद्या पहाटे बेळगाव. आज दिवसभर मिसरीची आठवण झाली नाही.