सायकलचं खोकं आणि विमानवाले

३ फेब्रुवारी, सकाळी

माझा नातू अमृत, त्यानं फोनात सोय करून दिली. आपण बोलायचं, फोन लिहितो. मला अक्षर येत न्हाई, त्यामुळं लिहिलेलं मला वाचता येणार न्हाई, आणि दुसऱ्या कुणाला मी वाचू देणार न्हाई. म्हणजे खरं बोलायला मोकळी.

आजपासून निश्चय. घरात कुणाच्या मधे बोलायचं न्हाई.

३ फेब्रुवारी, दुपारी

मधे बोलावं लागलं.

अमृत भुवनेश्वरला सायकलच्या रेसला चाललाय. विमानानं. सायकल पण विमानानं. मी एवढंच विचारलं, की सायकल असताना विमान कशाला. माझा लेक भरत म्हणाला, आये, तू गप बस. गप बसले.

पहिल्या विसात आला तर मोठ्या टीमवाले घेणार हायेत. राहणं, खाणं, कोच, सगळं त्यांचं. पोरगं तीन वर्षं पहाटे उठून इथनं, पेठ गावावरनं, लेण्याद्रीला सायकल मारून येतंय, ते ह्याच्यासाठी. मला वाटायचं देवदर्शनाला जातो.

६ फेब्रुवारी

अमृतकडं अंगठ्याएवढी गॅसची नळकांडी हायेत. पंक्चर झालं की ट्यूब बदलायची, नळकांडं लावायचं, फुस्स, टायर टाईट. विमान कंपनीवाले फोनवर म्हणाले, ही आणायची न्हाईत. आणि टायरमधली हवा काढून आणा.

मी म्हटलं, हवेतनं जाणारी माणसं, हवेला एवढी भितात?

नळकांडी घरी राहणार. आता सगळी भिस्त पंपावर. तो पंप मी बघितला. लाटण्याच्या निम्मा. सीटखालच्या पिशवीत मावतो. म्हटलं, यानं काय बारशाचे फुगे भरणार का? अमृत म्हणाला, आजी, तू त्याला हात लावू नको.

मी कशाला लावते.

८ फेब्रुवारी

ह्यांचं हायवेच्या कडेला सायकलचं दुकान व्हतं. पंक्चर हे काढायचे, पंप मी मारायचे. हवेतलं मला जेवढं कळतं तेवढं विमान चालवणाऱ्याला कळत नसंल. त्याला आयती मिळती, मी भरलीय.

माळ्यावरून ह्यांचा पंप काढला. उभा, पितळी नळीचा. वॉशर सुकलं व्हतं, खोबरेल तेल दिलं. दांडा दाबला. आधी म्हाताऱ्यावानी खोकला, मग लागला.

अमृतला दाखवला. म्हणाला, आजी, ह्याचं तोंड माझ्या व्हॉल्व्हला बसत न्हाई. व्हॉल्व्ह वेगळा हाय. म्हटलं, बसत न्हाई म्हणजे काय, बसवावं लागतं. हसला. म्हणजे पटलं.

१२ फेब्रुवारी

माघाची पुनव. भरतच्या पिकअपमधून धामणीला खंडोबाला गेलो. अमृतच्या नावानं भंडार उधळला. प्रसादाच्या खोबऱ्याच्या दोन वाट्या घरी आणल्या. बाहेरगावी निघालेल्या माणसाबरोबर खंडोबाचं भंडार-खोबरं असतंय. आमच्याकडं तशी रीतच हाय. विमान निघालं म्हणून रीत का बदलायची.

अमृतनं सायकल खोलून खोक्यात भरली. फोम काय, टेप काय. लेकीची पाठवणी करावी तशी. मी एक शब्द बोलले न्हाई. बघून ठेवलं.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी

सगळे सिरियल बघत बसले व्हते. खोक्याची टेप हलक्या हातानं सोडवली.

ह्यांचा पंप लुगड्यात गुंडाळून मधोमध ठेवला. भंडार-खोबरं फडक्यात बांधून हँडलला अडकवलं. ते अमृतचं फुगेभरणं सीटखालच्या पिशवीतनं काढलं. घरात दोन पंप नसावेत असं न्हाई, पण खोक्यात एक खरा असल्यावर दुसरा कशाला. ते देव्हाऱ्यात ठेवलं, देवाजवळ राहू दे. पिशवी रिकामी दिसायला लागली म्हणून तिच्यात शेंगदाण्याचे दोन लाडू घातले. टेप परत लावली.

मधे बोलले न्हाई. नुसता हात घातला.

१४ फेब्रुवारी

सकाळी खोकं उचलताना अमृत म्हणाला, काल तर हलकं व्हतं. भरत म्हणाला, टेन्शन आलं की सगळं जड लागतं राव.

भरत आणि सूनबाई अंजना त्याला पुण्याला विमानतळावर सोडून दुपारी आले. तोंडं उतरलेली. म्हटलं, गेला का? गेला. खोकं गेलं का? भरतनं अंजनाकडं बघितलं. गेलं. काय तरास? म्हणाला, विमानवाल्यांनी खोकं उघडाय लावलं.

उघडणारच. असा पंप त्यांनी कुठं बघितला असंल.

१५ फेब्रुवारी

शेजारच्या लंकाबाईला सांगितलं, आमच्या ह्यांचा पंप विमानानं गेला. ती म्हणाली, बया, तुमी न्हाई अजून बसलात विमानात आणि पंप बसला. तिला जळायची सवय हाय. दूधवाल्याला सांगितलं. पिठाच्या गिरणीत सांगितलं.

रात्री अंजनानं कालवणाला खोबऱ्याचं वाटण लावलं, सढळ हातानं. रंग पिवळाजरद. चव भंडाराची. म्हटलं, खोबरं कुठलं गं? म्हणाली, घरातलंच हाय, आत्याबाई. विमानात असलं खोबरं चालत न्हाई म्हणं, पेट घेतंय. म्हटलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, असंच कानावर आलं.

खंडोबाची करणी. वाट्या गेल्या भुवनेश्वरला आणि चव आली आमच्या कालवणाला.

१६ फेब्रुवारी

दुपारी अमृतचा फोन. टायरमधी हवा रेसवाल्यांच्या मोठ्या पंपानं भरली, म्हणून सीटखालची पिशवी उघडलीच नव्हती. पहिल्या दहात व्हता. भुवनेश्वरच्या बाहेर लांब, समुद्राच्या कडेच्या रस्त्याला पंक्चर. ट्यूब बदलली, पंपासाठी पिशवी उघडली, तर आत दोन लाडू. मागनं येणारे सगळे पुढं गेले. कुणी थांबलं न्हाई. शेवटी रेसच्या टेम्पोनं त्याला आणि सायकलीला उचलून आणलं.

आवाज लई बारीक झाला व्हता पोराचा.

म्हटलं, विमानवाल्यांनी काढला असंल रे पंप. खोकं उघडलं व्हतंच की त्यांनी.

 अमृत म्हणाला, हां आजी. त्यांनीच.

म्हटलं, लाडू कसे व्हते? म्हणाला, बरे व्हते.

ह्यांच्या पंपाचं मी विचारलं न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई.

१७ फेब्रुवारी

पिकअपमधलं रिकामं पोतं आणायला गेले. सीटच्या मागं लुगड्याचा काठ दिसला. माझंच लुगडं. आत पितळ.

परत झाकून ठेवलं. पोतं पण तिथंच राहिलं.

लंकाबाईनं कुंपणावरनं विचारलं, पंप कधी येतोय? म्हटलं, पावणा गेलाय, लगेच कसा येईल.

२० फेब्रुवारी

अमृत आला. पाया पडला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जिंकशील. म्हणाला, हां आजी. टीमवाले परत रेस बघायला पुढच्या वर्षीच येणार हायेत.

देव्हाऱ्यासमोर गेला, त्याचा पंप उचलला, भंडार फुंकला आणि घेऊन गेला. कुठं हाय म्हणून मला विचारलं न्हाई. कसं कळलं त्याला, देव जाणे. मी चहा टाकायला आत गेले.

संध्याकाळी त्यानं बाजारातनं नवी, कडक कव्हरची सायकलपेटी आणली. तिला कुलूप. किल्ली अंजनाच्या मंगळसूत्राच्या दोऱ्यात. म्हटलं, एवढं कुलूप कशाला रे? भरत पिकअप पुसत व्हता, मान वर न करता म्हणाला, आये, विमानवाले लई हात घालतात खोक्यात.

बरोबर हाय. मी पण तेच सांगत व्हते.