तुमच्या माशांना कुठलं पाणी घालू?

प्रिय अहो,

सदतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहिलं ते फक्त बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा. आज लिहितेय, कारण जेवणाच्या टेबलावर पातेल्यात एक प्लास्टिकची पिशवी आहे, पिशवीत दोन सोनेरी मासे आहेत, आणि त्यांना कुठलं पाणी घालायचं ते मला माहीत नाही.

सकाळी बेल वाजली. दारात माशांचा दुकानदार. "साहब ने दिवाली से पहले मँगवाए थे। साहब हैं?" मी म्हटलं, "नहीं हैं।" तो म्हणाला, "अच्छा, आएँगे तो बोल दीजिएगा, शाम तक टंकी में डाल दें। पानी का उनको सब समझा दिया है।" आणि गेला. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला, पण दारातल्या परक्या माणसाला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

काय हो तुमची ही हौस! जन्म सरकारी क्वार्टरात काढला, तेव्हा म्हणायचात, "बदली झाली तर काचेची पेटी घेऊन कुठे फिरायचं? स्वतःचं घर झालं की मासे." नोएडात फ्लॅट झाला, पेटी आली, तळाशी रंगीत खडेही अंथरून झाले. पाण्यापाशी मात्र गाडं अडलं. इथलं नळाचं पाणी इतकं जड, की बादलीला पांढरा थर चढतो. तुम्ही काय केलंत? सरळ फाईल उघडलीत! पडद्याच्या कापडालाही तीन कोटेशनं मागवणारा माणूस. माझ्या लोणच्याच्या तीन बरण्या बाल्कनीत मांडल्यात. एकीत नळाचं, एकीत विकतच्या जारचं, एकीत समोरच्या भाटिया भाभींच्या आरओचं. आणि चमच्याचमच्याने चव घेत बसलात.

"जरा इकडे ये, हे पिऊन बघ," अशी हाकही मारलीत. मी म्हटलं, "पोळी तव्यावर आहे. तुमचं पाणी तुम्हीच प्या."

चौथ्या दिवशी छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात. तेराव्याच्या गडबडीत बरण्या कोणीतरी घासून पालथ्या घातल्या.

आज मानेसरला नितीनला फोन लावला. कारखान्याच्या गोंगाटातून ओरडला, "आई, जे सगळ्यात शुद्ध ते घाल ना. सिंपल है यार!" आईला यार म्हणतो, ऐकलंत? पण मला पटलं. भाटिया भाभींकडून दोन बादल्या आरओचं आणून पेटीत ओतलंही. मग फाईल आठवली. खरं सांगू? आठवत होतीच. तुमचं अक्षर बघायचा धीर होत नव्हता. शेवटी उघडली.

'नळ: खारट, स्वस्त. जार: उत्तम, पण एवढ्या पैशांत मासे नाही, पाहुणे पाळता येतील. आरओ: चव नाही. दुकानदार म्हणतो, निव्वळ हे घातलं तर मासे तगत नाहीत, नळाचं मिसळावं. प्रमाण?'

आणि त्याखाली: 'सौ.शी चर्चा करावी. पाणी तिला कळतं. नोएडात आल्यावर डाळ शिजत नव्हती, हल्ली शिजते.'

अहो! तुमच्या लक्षात आलं होतं? नळाच्या पाण्यात तुरीची डाळ तास तास टणक राहायची, म्हणून मी गुपचूप भाभींकडून तांब्याभर आणायचे आणि निम्मं निम्मं करायचे. तुम्हाला वाटायचं डाळ चांगली मिळाली, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. आयुष्यभर कुरकुरले, की हा माणूस ऑफिसात शिपायालासुद्धा विचारतो, घरात मला काही विचारत नाही. आणि विचारलंत तेव्हा मी पोळी उलटत होते! जळली असती एक पोळी, तर काय बिघडलं असतं हो?

डाळीला चालतं ते माशांना चालतं का? कोणाला विचारू? दुकानदाराचा नंबरही फाईलीत नाही. पत्र इथेच ठेवून थोडा वेळ रडून घेतलं. मग दुपारी नळाला पाणी नसतं म्हणून कालच भरून ठेवलेल्या नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या पेटीत ओतल्या, बोट बुडवून चाखलं आणि पिशवीतले मासे आत सोडले.

एक मासा फिरतोय. दुसरा खड्यांपाशी नुसता बसून आहे, कल्ले तेवढे हलतायत. मी काचेला हात लावून बसले आहे. त्या दिवशी तुमच्या उशाशी अशीच बसले होते, तेव्हाही मला काही करता आलं नाही.

मासे जगतील असं वचन देत नाही, ते माझ्या हातात नाही. पण दर रविवारी थोडं पाणी काढून नवं घालीन, निम्मं निम्मं, आणि ते झाल्याशिवाय तवा चढवणार नाही, हे वचन.

फाईलीत तुमच्या त्या 'प्रमाण?'पुढे 'निम्मं' असं लिहून सही केली आहे. आता सौ. लिहायचं नसतं, माहीत आहे मला. पण तुम्ही चर्चा सौ.शी करायची म्हणून लिहिलंत. म्हणून सहीही तिनेच केली आहे.

तुमची,
सौ. कुमुद