लाकडाची जाडी

तात्या, गेल्या महिन्यात मी दहा माणसं जमवून सुतारकामाचा एक दिवस भरवला. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, मग विचारलं असतंत, "कशाचं काम काढलंय?" आणि मी उत्तर दिल्यावर पुन्हा हसला असतात. माशांच्या टाकीचं झाकण. आता आपल्या भागातही घरोघरी काचेच्या टाक्यांत रंगीत मासे पाळतात. माझ्याकडे एक टाकी आहे, शाळेतून दमून आले की मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसते. जुन्नर-आंबेगावातल्या अशा हौशी लोकांचा फोनवर एक गट आहे. टाकीवरची प्लास्टिकची झाकणं दिव्याच्या उष्णतेनं तडकतात, फटीतून मासे उडी मारतात. बोरी बुद्रुकच्या एका शेतकरीण ताईंचा मासा तीन दिवसांनी टीव्हीच्या मागं सापडला, वाळून खडखडीत झालेला. त्यांनी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "लई जीव लावला व्हता." त्यावर मीच सुचवलं की आपण सगळ्यांनी एक दिवस जमून लाकडी कॅनोपी करू. कॅनोपी म्हणजे टाकीच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी पेटी. तिच्या आत दिवा, पुढं बिजागरीवर उघडणारी फळी, दाणे टाकायला.

कुणीतरी विचारलं, आपल्याला जमेल का? तेव्हा मी लिहिलं, "मी सुताराची मुलगी आहे. मापाची काळजी माझ्यावर सोडा." तात्या, हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा टाकलं, आणि त्यावर लोकांनी पसंतीचे किती अंगठे टाकले ते संध्याकाळपर्यंत बघत राहिले. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांत मी तुमचा धंदा कधी लपवला नाही. पण तो मिरवायला काढला तो हा असा.

सगळ्यांनी आपापल्या टाकीची बाहेरून मापं घेऊन पाठवली. मी शाळेतल्या वहीच्या कागदावर यादी केली आणि नारायणगावच्या बाहेर हमरस्त्याला ज्यांचं वर्कशॉप आहे त्या मिस्त्रींकडे नेऊन दिली. फळ्या त्यांनी मशिनवर कापून द्यायच्या, जोडणं, घासणं, रंगवणं आम्ही करायचं, असं ठरलं होतं. मिस्त्रींनी यादी वाचली, कानामागची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "ताई, ही पेटी काचेच्या भाईरून उतरनार का नुसती वर बसनार?" मला घाई होती. शिवाय, खरं सांगायचं तर, मला त्यांनी विचारलेलं आवडलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही कागदाप्रमाणं कापा, मिस्त्री. मापं मी नीट काढलीत." ते बरं म्हणाले आणि कागद त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

रविवारी बोरीला त्या ताईंच्या कांद्याच्या चाळीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही जमलो. मी तुमची हत्यारं नेली होती. रंधा, दोन पटाश्या, गुण्या, ती बारीक दातांची करवत. कामाला त्यातलं काही लागणार नव्हतं, हे मला माहीत होतं. टेबलावर चादर अंथरून मी ती मांडून ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, हा माझ्या वडिलांचा रंधा. सकाळ फार छान गेली, तात्या. मंचरचे एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते प्रत्येक स्क्रू पिळताना "डबल बेल" म्हणत होते. ज्यांनी कधी हातोडी धरली नव्हती त्या बायकांनी फळ्या पॉलिश पेपरनं अशा घासल्या की गालाला लावून बघाव्यात. अकराच्या सुमारास पहिली पेटी तयार झाली, यजमान ताईंची. आम्ही चौघांनी ती उचलून घरात नेली, टाकीवर धरली, आणि ती उतरेना.

आधी वाटलं तिरकी धरलीय. मग वाटलं एखादा स्क्रू आत आलाय. भाऊंनी टेप लावला. पेटी आतून बरोबर एक इंच कमी होती. शेडमध्ये जाऊन बाकीच्या फळ्या मोजल्या, सगळ्यांचं तेच. आणि मला कळलं. टाकीचं बाहेरचं माप तेच मी पेटीचं बाहेरचं माप म्हणून लिहिलं होतं. लाकडाची जाडी मी धरलीच नव्हती. इकडून अर्धा इंच, तिकडून अर्धा इंच. मी सातवीच्या मुलांना मापन शिकवते, तात्या, आणि तुमच्या घरात मी वाढले आहे.

"त्या मिस्त्रीनं घोळ घातलाय," भाऊ म्हणाले. "मशिनवर बसल्यावर ध्यान कुठं असतं या लोकांचं? ताई, तुमी बरोबरच दिलं व्हतं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्यामागं टेबलावर तुमची हत्यारं होती. मी म्हणाले, "हो. मी तर बरोबरच दिलं होतं."

भाऊंनी तिथल्या तिथं मिस्त्रींना फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. धा लोकांचा दिवस वाया घालवला, फळ्या वाया घालवल्या, यादी वाचता येत नसंल तर कामं कशाला घेता, असं बरंच बोलले. तिकडून कागद सरकल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, "ताई हायत का तिथं?"

"आहे," मी म्हणाले.

"ताई, तुमी सांगा. काय झालंय?"

त्यांनी मला खरं बोलायला जागा करून दिली होती. आज इतक्या दिवसांनीही मला त्यांचा तो प्रश्न तसाच्या तसा ऐकू येतो, त्यात राग नव्हता. मी म्हणाले, "एक इंच कमी भरतंय, मिस्त्री. तुम्ही येऊन बघता का?"

ते अर्ध्या तासात आले. वर्कशॉप बंद करून ओतूरला भाच्याच्या साखरपुड्याला निघायच्या बेतात होते, अंगात नवा पांढरा शर्ट होता. कुणी त्यांना पाणीही विचारलं नाही. त्यांनी पेटी उलटी केली, टेप लावला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाऊंना म्हणाले, "हुतं असं कधीमधी. वाया काय जात न्हाई." मग त्यांनी दाखवलं की पेटी काचेवरून खाली उतरवायची नाही, नुसती काचेच्या काठावर ठेवायची आणि ती सरकू नये म्हणून आतून चारी बाजूंनी एक पट्टी खाली सोडायची. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी स्वतः पट्ट्या कापल्या. दोन वाजेपर्यंत सगळ्या पेट्या मार्गी लागल्या. त्यांच्या शर्टाच्या बाह्या भुशानं पिवळ्या झाल्या होत्या. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. जाताना टेबलापाशी थांबून त्यांनी तुमचा रंधा हातात घेतला, तळावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा होता तसा ठेवला.

आता दुसरी, जुनी गोष्ट. ती मी तुमच्याशी कधीच बोलले नाही.

मी पाचवीत होते. आहुप्याच्या अलीकडे डोंगरातल्या एका गावात भातशेती करणाऱ्या एका माणसानं नवं घर बांधलं होतं, त्याच्या चार खिडक्यांच्या झडपांचं काम तुमच्याकडे होतं. तुम्हाला आकडे कळायचे, पण लिहायला हात वळायचा नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला बरोबर घेतलंत. पिंपरी पेंढारहून घोडेगाव, तिथून दुसरी एसटी, मग चालत. तुम्ही माप घेऊन सांगायचात आणि मी लिहायचे. त्या घरातल्या बाईला तुम्ही वही दाखवलीत आणि म्हणालात, "माज्या पोरीचं अक्षर बगा." घरी आल्यावर तुम्ही मला उंची विचारलीत आणि मी वाचून सांगितली, एक्केचाळीस. ती एकोणपन्नास होती. माझा नऊ एकासारखा दिसत होता, आणि मीच लिहिलेला आकडा मलाच वाचता आला नाही.

थंडी संपत आल्यावर आपण झडपा बसवायला गेलो. मला यायचंच होतं, म्हणून शाळा बुडवून आले होते. पहिली झडप तुम्ही चौकटीला लावून धरलीत आणि वरून वीतभर उजेड आत आला. बघायला माणसं जमली होती. घरमालक मोठ्यानं म्हणाला, "सुतार, ही झडप हाय का बारक्या पोराचं झबलं?" सगळे हसले. माझ्या हातात वही होती. मी ती उघडून बघितली, आणि मला कळलं. तुम्ही माझ्याकडे वळूनही बघितलं नाहीत. म्हणालात, "माप माजं चुकलं, पावणं. म्या घेतल्यालं माप हाय." तो आणखी काय काय बोलला. तुम्ही मान खाली घालून झडप उतरवत होतात. पुढचे तीन दिवस तुम्ही तिथंच राहिलात आणि चारी खिडक्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत आडव्या पट्ट्यांची जाळी बसवलीत. मला गावातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर घरी पाठवलंत.

तुम्ही परत आलात ती संध्याकाळ मला दिसते. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, मी भिंतीला टेकून पाढे म्हणतेय, खरं तर तुमचं बोलणं ऐकतेय. आई विचारते, "मग त्या मानसाला सांगितलं का न्हाई, पोरीनं लिवलं म्हून?" तुम्ही ताटातली भाकरी मोडता आणि म्हणता, "पोरीनं लिवलं, पन वही म्याच दिली व्हती न्हवं तिच्या हातात?" मग थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता, "एक आन् नऊ जरा येगळं काढत जा, बाळा." तेवढंच. तात्या, मला त्या दिवशी लाज वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. शाळेत मी मैत्रिणींना सांगितलं की डोंगरातला तो माणूस फार वाईट आहे, माझ्या वडिलांना उगाच बोलला.

लाज आली ती आता, या वयात. रविवारनंतर काही दिवसांनी मी भाऊंशी फोनवर बोलत होते. त्यांच्या मुलाच्या नव्या घराचं सगळं लाकूडकाम त्या मिस्त्रींना द्यायचं ठरलं होतं, ते त्यांनी मंचरच्या दुसऱ्या माणसाला दिलं. म्हणाले, "ज्याला साधं माप घेता येत न्हाई त्याच्याकडं किचन कोन देनार, ताई? तुमच्यामुळं वाचलो." मी फोन ठेवला. रात्रीचं जेवण केलं, वह्या तपासल्या. आणखी चार दिवस मी काहीच केलं नाही.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर वर्कशॉपवर गेले. मिस्त्री फळी कापत होते, मला बघून मशिन बंद केलं, स्टुलावरचा भुसा हातानं झाडला. मी बसले नाही. म्हणाले, "मिस्त्री, कागद मीच चुकीचा दिला होता. जाडी धरली नव्हती."

"ठावं हाय, ताई," ते म्हणाले. खिळ्याचा कागद काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. "त्याच दिशी बगितला म्या. फोन चालू व्हता तवा हातातच व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी वडलांची हत्यारं मांडून बसल्या व्हत्या. समद्यांनी मला सांगितलं, ताई सुताराच्या हायत म्हून. मग कसं बोलायचं?" त्यांनी कागद पुन्हा खिळ्याला अडकवला. मग खाली बघत म्हणाले, "पन ताई, एक करा. तुमच्या त्या गटावर तेवढं टाका. फोनवर समद्यांनी ऐकलं व्हतं न्हवं. धंद्याला लागतं हो ते."

मी म्हटलं, आजच टाकते. त्यांनी चहा मागवला. मी प्यायले. त्यांच्या कामाला हात लावून बघितला, चांगलं आहे म्हटलं, आणि घरी आले.

तात्या, हे पत्र मी पाठ्यपुस्तकांच्या कपाटात ठेवणार आहे, ते कुणी वाचावं म्हणून लिहिलेलं नाही. तरी दोन गोष्टी सांगून टाकते. वर्कशॉपसमोर मी गाडी लावली तेव्हा आत दोन गिऱ्हाइकं होती, आणि ती जाईपर्यंत मी बाहेर गाडीतच बसून राहिले. आणि गटावर मी त्याच संध्याकाळी लिहिलं, कबूल केल्याप्रमाणं. "मिस्त्रींची काही चूक नव्हती, आपल्या मापात थोडा फरक पडला होता." भाऊंनी खाली हात जोडले, कुणी लिहिलं, जाऊ द्या ताई, चालायचंच. काम काही मिस्त्रींकडे परत गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "टाकलं का, ताई?" मी म्हणाले, "टाकलं." ते म्हणाले, "लई बरं झालं." ते गटात नाहीत. मी काय टाकलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि "माझ्या"च्या जागी "आपल्या" लिहिलंय हे मी त्यांना सांगितलं नाही.