रोशाच्या तेलाचा चोर

बेसा, नागपूर
१९ ऑक्टोबर १९७३

तीर्थरूप रुपरावमामांस भाचा मारोतराव याचा साष्टांग नमस्कार. इकडे सारे ठीक. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे ते खरं खरं कळवा (मागच्या पत्रात दोन्ही बरे असल्याचं वाचलं, तेव्हाच मला शंका आली).

तर मामा, यंदा पहिल्या कापणीला रोशा गवताचं तेल निम्मंच निघालं. वावर तेच, भट्टी तीच, भट्टीवर माणूसही तोच, तुमच्या शेजारचा नत्थूजी. मग उरलेलं तेल गेलं कुठं? मी चौकशीला लागलो. नत्थूजीचं धोतर हुंगलं, तर रोशाचा वास! पुराव्याला आणखी काय पाहिजे? (नंतर तुमच्या भाचेसुनेचं, पुष्पलतेचं, लुगडं, शेजारचा धोंडबा आणि आपली म्हैसही हुंगली. वास सगळ्यांनाच होता. म्हैस तर मला आधीपासूनच नीट वाटत नव्हती.) शेवटी भर अंगणात मी नत्थूजीला चोर म्हणालो. तो एवढंच बोलला, "वीस वर्सं भट्टी लावून राहिलो जी, असं कोनी म्हटलं नाही," आणि दुपट्टा झटकून तिकडे रामटेकला आपल्या घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शेतकी कॉलेजातले एक साहेब आले. त्यांनी विचारलं, कापलेलं गवत ठेवलं कुठं होतं? आता पेंढ्या कोणी पळवू नये म्हणून मीच त्या अंगणात उघड्यावर पसरल्या होत्या. चार दिवस, या ऑक्टोबरच्या उन्हात, आणि मी समोर बाजेवर राखणीला (छत्री माझ्या डोक्यावर). नत्थूजी रोज म्हणायचा, "सावलीत घ्या जी, तेल उडून राह्यलं." मला वाटलं, सावलीत याला हात मारायला सोपं जाईल. सारा मोहल्ला त्या घमघमाटाची तारीफ करत होता, मीही फुगलो होतो. अहो, तो घमघमाट म्हणजेच आपलं तेल होतं! माझ्या डोळ्यांदेखत उन्हानं नेलं. फार लाज वाटते मामा.

आपला,
मारोतराव

ता. क. : खरं काम असं, की उरलेलं वावर फुलावर आलं आहे. आठवड्याभरात भट्टीला लागलं नाही तर वर्ष वाया जाईल, आणि ती भट्टी नत्थूजीशिवाय कोणाला साधत नाही. त्याला समजावून पाठवा. माझी चूक झाली म्हणा.

ता. क. : 'चूक' नको, 'गैरसमज' म्हणा.

ता. क. : पत्र तीन दिवस खिशातच राहिलं (आमच्या पोस्टमनची नजर मला पसंत नाही). आज सकाळी नत्थूजी आपणहून आला. माझ्याकडे न बघता थेट वावरात गेला, एक तुरा चोळून हुंगला आणि म्हणाला, "आजच कापा जी. अन् सिध्धं सावलीत." मला रडू आलं, मी त्याचे पाय धरले. पण मामा, इतका अपमान झालेला माणूस न बोलावता परत येतो, तो कशासाठी? जरा त्याच्या घरी बारकाईनं विचारून कळवा.