बाहीचा बाक

दादा,

“मेलेल्यांचे कोट घरात भरतोस!” असं माझ्यावर ओरडून तू ट्रक घेऊन गेलास, तो परत फिरकलाच नाहीस. मी अजून भरतोच आहे.

काल युद्धाच्या काळातलं, एका वैमानिकाचं चामडी जाकीट मिळालं. हँगरला अडकवलं, तर दोन्ही बाह्या कोपरात वाकून पुढे आलेल्या. विमानाचा दांडा अजून धरून ठेवल्यासारख्या! माणूस कधीच गेला असेल रे, पण हात उडतायत. मी तोंडात बोट घालून बघतच राहिलो.

आईने कोपर चाचपला आणि म्हणाली, “थोरल्याचं जाकीटपण असंच आहे की.”

दाराआड तुझं जाकीट लटकतंय. मी रोज त्याच्या अंगावरून जातो. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. एक बाही स्टिअरिंगवर, दुसरी गिअरकडे झुकलेली. आई ते धुवायला काढत होती, मी हिसकावूनच घेतलं. वैमानिकाचं उतरवून त्या रुंद हँगरवर तुझं लावलंय.

तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र त्याच्याच खिशात ठेवतोय. पण माझ्या संग्रहात फक्त गेलेल्यांची जाकिटं असतात. तेव्हा हे तुझं तू येऊन घेऊन जा.

तुझाच,
कोटवाला