आमच्या बँडमधला दुसरा माणूस

चि. भोपळ्यास ताईचे अनेक आशीर्वाद. (पन्नाशी उलटली म्हणून काय झालं, मला तू भोपळ्याच. ऑफिसात कोण साहेब म्हणत असेल तर म्हणू दे.) तुझी तब्येत बरी असेल, तुझ्या बायकोचे गुडघे कुरकुरत नसतील, भाचा अभ्यासाला आणि भाची आरशासमोर बसत असेल, असं मी आपलं धरून चालते, कारण कळवायचं तू केव्हाच सोडलंस. माझं ठीक आहे. डावीकडची दाढ काढली, उजवीकडून जेवते. नोकरी तीच. कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्राला कानात बसणारं जे बोंड असतं, ते ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाने घासून गुळगुळीत करायचं. माझ्या टेबलावर दिवसभर कानांचे साचे मांडलेले असतात. एवढे कान समोर असून माझं ऐकणारा एक नाही, असं मी परवा शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, काय म्हणालात? त्यांच्या कानात तेव्हा मशीनच्या आवाजासाठी कापूस होता. असो.

पत्राला कारण असं, की आपल्या बँडचं गाणं एका अल्बमवर आलं. आपला म्हणजे तुझा नि माझा. हो, तू बँडमध्ये आहेस. दचकू नकोस, चहा खाली ठेव, सविस्तर सांगते.

लहानपणी ज्या दोघांच्या कॅसेटी आपण झिजवल्या ते आठवतात ना? एक गाणारा आणि एक कीबोर्डामागे उभा राहून मुळीच न हसणारा. सगळं संगीत विजेवर. ढोल नाही, गिटार नाही, नुसती बटणं, आणि त्या बटणांतून येणारं ते थंडगार, गोड सिंथपॉप, की नाचावं का रडावं तेच कळू नये. (बाबा म्हणायचे, फ्रिज बिघडलाय का बघा जरा.) तर त्या दोघांच्या गाण्यांचा एक आदरांजली अल्बम निघायचा होता. गाणी त्यांचीच, पण गाणारे-वाजवणारे नवे, आणि तेही फारसे कुणाला माहीत नसलेले. जुन्या रेकॉर्डच्या दुकानाच्या दारावर चिठ्ठी होती, ‘अल्पपरिचित बँडांना आवाहन’. मी म्हटलं, हे तर आपल्यालाच उद्देशून आहे. मला आमच्या जिन्यातली माणसंसुद्धा ओळखत नाहीत. याहून अल्पपरिचित कुणी असेल तर त्याने पुढे यावं.

अल्बम काढणारे गृहस्थ त्या दुकानाचेच मालक. त्यांच्या गळ्यात कायम हेडफोन असतो, म्हणून मी त्यांना हेडफोनराव म्हणते (मनात). मी कीबोर्ड वाजवते, घरीच ध्वनिमुद्रण करते, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की मूळ बँड दोघांचा होता, तेव्हा अल्बमवर किमान दोघांचे बँड घ्यायचे असं त्यांनी ठरवलंय. एकट्यादुकट्याला प्रवेश नाही. तुमच्यात किती जण? आता तू मला ओळखतोस. मला कुणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, आम्ही दोघं आहोत, मी आणि माझा भाऊ. ते म्हणाले, वा, बहीणभाऊ! आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की घरी येऊन मी दोघांपुरता चहा टाकला. मग दोन्ही कप मीच प्यायले, पण टाकला दोघांपुरता.

वाट्याला आलं ते नेमकं दोघांनी मिळून गायचं गाणं. समोरासमोरच्या इमारतींतल्या दोन खिडक्या, एकीतून बाई विचारते, दुसरीतून माणूस उत्तर देतो, ते. बाईचं मी गायले. कपड्यांच्या कपाटात शिरून, दार लावून. कोटांच्या मध्ये आवाज घुमत नाही हे सगळ्या घरगुती गवयांना माहीत असतं. (एकदा कपाटाचं दार आतून उघडेना. अर्धी दुपार मी तुझ्या जुन्या रेनकोटाशी बोलत काढली. त्याने तुझ्यापेक्षा जास्त ऐकून घेतलं.) प्रश्न पुरुषाच्या आवाजाचा. वरच्या मजल्यावर एक निवृत्त कवायत-मास्तर राहतात, त्यांना विनंती केली. आले बिचारे, दाढी करून आले, आणि ‘मी तुझी वाट पाहतो’ ही ओळ त्यांनी अशी म्हटली की मी सावधानमध्ये उभी राहिले. शेवटी उत्तरंही मीच गायले आणि यंत्राने आवाज खाली उतरवला. तो मी ऐकला. हुबेहूब तू रे! सर्दी झाल्यावर तू जसा बोलायचास तसा. ‘मी इथेच आहे, पडदा सार,’ असं तू म्हणतोस. मी ते गरजेपेक्षा बऱ्याच वेळा ऐकलं. तू बरा गातोस.

आता ठोक्याचं ऐक. माझं ड्रम-मशीन जुनं, धपधप करतं. रविवारी दुपारी मी ते लावलं की खालच्या बाई त्यांच्या छताला, म्हणजे माझ्या जमिनीला, झाडूच्या दांड्याने ठोकतात. माझ्या मायक्रोफोनने तेही पकडलं. पुसायला गेले तर काय, बाई तालात! दर चौथ्या मात्रेला, न चुकता. मी ते तसंच ठेवलं. पुढे हेडफोनराव मला म्हणाले, तुमच्या भावाने ते लाकडी तालवाद्य काय सुरेख वाजवलंय! मी मान डोलावली. त्या बाईंशी माझा इतक्या वर्षांचा संबंध काय तो एवढाच, आणि तो आता अल्बमवर छापील आहे.

मग फोटो मागितला. बँडचा, दोघांचा. इथे मी जे केलं ते तुझ्या बायकोला सांगू नकोस. तुझ्या लग्नातला फोटो काढला. त्या दिवशी बूट चावत होते म्हणून तू असा काही तोंड पाडून उभा आहेस की सिंथपॉपला याहून शोभणारा चेहरा शोधून सापडणार नाही. तुझ्या बायकोला कात्रीने बाजूला केलं आणि तिथे मला चिकटवलं. पण तिचा हात तुझ्या कोपरात अडकलेला; तो कापायचा तर तुझाही कोपर जातो. म्हणून राहू दिला. त्यामुळे अल्बमवर तू आहेस, मी आहे, आणि एक अंगठीवाला तिसरा हात आहे. हेडफोनरावांनी विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, तो ज्याचा त्याने लावायचा. ते खूश झाले.

आणि मग प्रकाशन. दुकानाच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी. अकरा बँड, कुणी दोघं, कुणी तिघं, एक तर चौघांचा; म्हणून हेडफोनरावांनी शेजारच्या हॉटेलातून खुर्च्या मागवून खोली ठासून भरली होती. मी लवकर गेले. तुझ्यासाठी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि कुणी विचारलं तर तू गाडी लावायला गेलायस असं ठरवून टाकलं. माझ्यामागून एक गृहस्थ आले. त्यांनी एका खुर्चीवर कोट ठेवला, एकीवर छत्री, आणि मधे बसले. मग एक मुलगी आली, तिने शेजारी हेल्मेट ठेवलं. मग पाळणाघर चालवणाऱ्या एक बाई, माझ्याच वयाच्या; चौघांचा बँड तो त्यांचाच. त्यांच्याकडे तीन खुर्च्या अडवायला सामान पुरेना, तेव्हा त्यांनी एकीवर शाल, एकीवर जेवणाचा डबा आणि एकीवर, इकडेतिकडे बघून, पायातला एक बूट काढून ठेवला. भाषण सुरू झालं तेव्हा खोलीत ऐकायला अकरा माणसं होती आणि बाकी सगळं सामान.

तरी माझ्या टाळक्यात काही शिरेना. मला वाटलं, माझं नशीबच असं, नेमक्या सगळ्यांच्याच गाड्या आज अडकल्या. मग हेडफोनरावांनी अल्बम लावला. आणि कान म्हणजे माझी भाकरी, तेव्हा मला ऐकू आलं. त्या चौघांच्या गाण्यात चार आवाज आहेत, पण चौघंही एकाच जागी श्वास घेतात आणि चौघांचंही नाक जरा चोंदलेलं आहे. छत्रीवाल्यांच्या बँडमधले तिघं एकाच शब्दाला अडखळतात. हेल्मेटवाली स्वतःलाच हाक मारते आणि स्वतःच ओ देते. अकरा गाणी, अकरा माणसं. सगळ्यांनी घरी कपाटात शिरून स्वतःला दुप्पट-चौपट केलेलं. आणि सगळे आपापल्या छत्रीकडे, बुटाकडे बघत, ‘आमचा येईलच आता’ असा चेहरा करून बसलेले. भोपळ्या, मी इतकी वर्षं एकटी राहते, रडगाणं कधी तुझ्यापाशी गायले नाही. पण त्या खोलीत मला जेवढं एकटं वाटलं तेवढं बाबा गेल्यावरही वाटलं नव्हतं. उठून नुसतं म्हणायचं होतं, अहो, उचला ते सामान आणि जवळजवळ बसा. कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

चहाच्या वेळी पाळणाघरवाल्या बाई माझ्याकडे आल्या (बूट परत घालून). म्हणाल्या, तुमच्या भावाचा आवाज फार आवडला, किती जवळचा वाटतो. मी म्हटलं, हो, तो आहेच तसा. मग म्हणाल्या, ते कधी यायचे नसले, कामात वगैरे असले, तर मी थोडंफार गाते, म्हणजे आमच्या चौघांना विचारून. आता सांग, देवाने समोरून वाढलेलं ताट होतं की नाही? आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, तो येतोच आहे, गाडी लावतोय. अशी मी अक्कलशून्य. त्या ‘हो का, बरं बरं’ म्हणाल्या आणि शाल घ्यायला वळल्या. माणसांच्या हिशोबाने मागवलेली बिस्किटं ढीगभर उरली, तर हेडफोनरावांनी प्रत्येकाला आपल्या न आलेल्यांसाठी पुड्या बांधून दिल्या. तुझी पुडी मी बसमध्येच संपवली.

निघताना त्यांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यात सगळ्या बँडांचा जाहीर कार्यक्रम ठेवलाय, मंचावर, प्रत्यक्ष, सर्व सदस्यांसह. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या घाबरलेल्या टाळ्या मी आजवर ऐकल्या नव्हत्या.

बाकी सर्व क्षेम. नळ गळतो, पण त्याची सोबत होते. तुझ्या बायकोला गुडघ्यांना शेक द्यायला सांग, मुलांना पापा दे (घेत असतील तर).

तुझी,
ताई

ता. क. आता मुद्द्याचं. कार्यक्रमाला तू ये. गायचं नाही, आवाज यंत्रातून येईल. तुझ्यासमोर एक छोटा कीबोर्ड ठेवीन, त्याची वायर जोडलेली नसेल. काय वाटेल ते दाब. फक्त हसू नकोस. लग्नात उभा होतास तसा उभा राहा. येण्याजाण्याची दगदग आहे हे मला कळतं, तुझं ते ऑफिस असतं तेही कळतं. पण तुला येऊन किती वर्षं झाली हे तूच आठव, मी सांगत नाही.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहूनच गेलं, आठवडाभर पर्समध्येच फिरलं. दरम्यान हेडफोनरावांचा फोन आला, कार्यक्रम रद्द. बिचारे हैराण झालेत. छत्रीवाल्यांचे दोघं परगावी, हेल्मेटवालीच्या जोडीदाराचा हात मोडला, आणि पाळणाघरवाल्या बाईंच्या तिघांनाही एकदम कांजिण्या. माझ्या भावाची पाठ धरलीय असं मी सांगितलं. चौकशी आली तर कण्हून दाखव. तेव्हा यायचं कारण उरलं नाही. निवांत राहा.

ता. क. तिसरा, आजचाच, दुपारचा. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. सकाळी मी पाळणाघरवाल्या बाईंना फोन केला, कांजिण्यांची चौकशी करायला. त्या म्हणाल्या, उतार आहे. त्यांनी तुझ्या पाठीची चौकशी केली. मी म्हटलं, उतार आहे. त्यांच्या मागे पोरांचा गलका चालला होता. आणि मी एकदम म्हणाले, बाई, माझा भाऊ बँडमध्ये नाही. कधीच नव्हता. त्याला यातलं काही ठाऊकसुद्धा नाही. तो आवाज माझा आहे, मी एकटी आहे. त्या घाईघाईने ‘पोर रडतंय हं’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. आता तेल गेलं, तूप गेलं. तेव्हापासून मी भांडी घासतेय, घासलेलीच परत घासतेय. तुला बँडमधून काढून टाकलंय, राग मानू नकोस, आणि जमलं तर तसाच ये, काही दाबायला नाही, नुसता. फोन वाजतोय. तू आपणहून करशील हे काही शक्य नाही, म्हणजे त्याच असणार. उचलते.